पत्र्याच्या शेडला पाया कशाला?

नारायणगावच्या शिवारात शेड उभारायचे ठरले की बोलणी वरून खाली येतात. आधी पत्रा कोणता, साधा की रंगीत. मग अँगल वापरायचे की पाइप. मग फॅब्रिकेटरचा चौरस फुटाचा दर. जमिनीचा विषय शेवटी निघतो आणि ‘जेसीबी आला की तासाभरात जागा करून घेऊ’ एवढ्यावर मिटतो. राहते घर बांधताना हीच माणसे पायासाठी चार ठिकाणी विचारतील, पण अवजारे, औषधे, ठिबकच्या नळ्या, टोमॅटोची क्रेट किंवा कांदा ठेवायच्या शेडला पाया कशाला, त्याचे वजनच किती, असा हिशेब सरसकट केला जातो. या हिशेबात वजन बरोबर मोजलेले असते, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो. जमीन काळी असेल तर इमारत जितकी हलकी तितका तिचा पाया अवघड. जड घर आपल्या भारानेच खालच्या मातीला थोडेफार दाबून धरते आणि वाऱ्याला दाद देत नाही. पत्र्याच्या शेडला यातले काहीच जमत नाही. म्हणून शेडच्या पायाने भार पेलायचा असतो तो थोडाच; मातीची हालचाल, छपरावरचे पाणी आणि वारा यांच्याशीच त्याची खरी गाठ असते.

आधी माती. जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या कड्यापासून पूर्वेच्या पठारापर्यंत पसरलेले आहेत, आणि कुकडी, मीना, घोड या नद्या त्यांतून पूर्वेकडे वाहतात. खालचा सगळा खडक बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. माळावर हाच खडक अर्धवट कुजून मुरूम झाला; नदीकाठच्या सखल भागात तो पुरता कुजला, वाहून आला, साचला आणि त्याची काळी माती झाली. त्यामुळे एकाच गटात वरच्या अंगाला फूटभर खाली मुरूम लागतो आणि खालच्या अंगाला सात-आठ फूट गेले तरी काळीच. जेसीबीने खड्डा घेतल्यावर त्याच्या उभ्या बाजूकडे जरा थांबून पाहावे. वर पेंढा आणि मुळे मिसळलेला सैल थर, त्याखाली घट्ट काळी, तिच्यात उन्हाळ्यात हाताचे बोट सहज जाईल अशा उभ्या भेगा, मग चुनखडीचे पांढुरके खडे, मग पिवळसर-तपकिरी मुरूम, आणि नशीब असेल तर त्याखाली फावड्याला टणक आवाज देणारा मांजऱ्या. पायाच्या दृष्टीने त्या शेताचा सगळा इतिहास या चार-पाच फुटांत दिसतो, पण तो पाहण्याआधीच खड्ड्यात काँक्रीट पडलेले असते.

काळ्या मातीतला जो बारीक चिकण भाग असतो त्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज बरेच असते. त्याचे कण पातळ पापुद्र्यांचे, आणि पाणी नुसते कणांच्या भोवती न राहता या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते. पाणी शिरले की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात, निघून गेले की जवळ येतात. पिकाला ही ओल धरून ठेवण्याची सवय वरदान आहे, बांधकामाला तीच शाप. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दर वर्षी हे चक्र पुन्हा होते. अशा जमिनीवरच्या शेडचे दार हा चांगला साक्षीदार असतो. श्रावणात ते चौकटीला घासते, खांद्याने ढकलावे लागते. चैत्रात आपसूक मोकळे होते आणि कडी मात्र कोयंड्याला जुळत नाही. लोक बिजागऱ्यांना तेल घालतात, सुताराला बोलावून कड घासून घेतात. दार बिचारे सरळच असते. त्याच्या दोन बाजूंचे खांब वेगवेगळ्या उंचीवर गेलेले असतात.

आता कोणी म्हणेल, सगळी माती सारखी फुगली तर सगळे शेड एकसारखे वर जाईल आणि एकसारखे खाली येईल, बिघडले काय? माती सारखी फुगली असती तर खरोखरच काही बिघडले नसते. पण शेडखालची जमीन सारखी भिजतही नाही आणि सारखी वाळतही नाही. कोबा टाकला की त्याच्या मध्यभागाखालची ओल उडून जायची थांबते. ती वर्षानुवर्षे साचत जाते आणि मधला भाग हळूहळू उचलला जातो. कडा मात्र प्रत्येक पावसाळ्यात भिजतात, प्रत्येक उन्हाळ्यात वाळून खाली बसतात. म्हणून जुन्या कोब्याच्या भेगा मधून निघून कडांकडे गेलेल्या दिसतात आणि मधोमध ओतलेले पाणी भिंतींकडे पळते. पश्चिमेची बाजू उन्हाने जास्त तापते. एका कोपऱ्याशी हौद किंवा जनावरांची मोरी असते, दुसऱ्या कोपऱ्याशी बाभूळ नाहीतर निलगिरी जमिनीतले पाणी ओढत असते. चार कोपऱ्यांना चार वेगवेगळे हंगाम मिळतात म्हणा ना. इमारतीचे नुकसान या फरकामुळे होते.

यावर गावातला सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे जाड काँक्रीट. चार इंचांचा कोबा तडकला तर सहा इंचांचा टाकू, सळई घालू. इथे थोडे आकडे मांडले तर उमज पडते. वीस बाय तीस फुटांच्या शेडचे क्षेत्र सुमारे ५६ चौरस मीटर. चार इंच जाडीच्या काँक्रीटचा भार चौरस मीटरला साधारण २४० किलो भरतो. पूर्ण एक फूट जाडी केली, म्हणजे चाळीस टनांवर काँक्रीट ओतले, तरी हा भार चौरस मीटरला पाऊण टनाच्या आतच राहतो. आणि काळ्या मातीचा फुगण्याचा दाब प्रयोगशाळेत मोजला तर तो मातीप्रमाणे चौरस मीटरला पाच टनांपासून वीस-तीस टनांपर्यंत जातो. पाऊण टनाने वीस टनांना दाबून धरायचे, हा व्यवहार होणारा नाही. जाड कोबा फुटतो उशिरा आणि फुटतो तेव्हा मोठ्या तुकड्यांत, एवढाच काय तो फरक. अमेरिकेत १९७३ मध्ये जोन्स आणि होल्ट्झ या अभियंत्यांनी फुगणाऱ्या मातीने होणाऱ्या नुकसानीचा अंदाज काढला तेव्हा तो वर्षाला दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेला होता, आणि त्यातही भरडली गेली होती ती मुख्यतः छोटी घरे, पदपथ, रस्ते. उंच जड इमारती फारशा नाहीत. हलक्या बांधकामाची ही अडचण एकट्या आपल्या काळ्या रानाची नाही.

‘आमच्या आजोबांचा गोठा खांब पुरूनच उभा होता, चाळीस वर्षे हलला नाही,’ हा आक्षेप मात्र असा उडवून लावता येत नाही. तो खरा आहे. पण तो गोठा कुठे होता आणि कसा होता हे पाहायला हवे. जुन्या गावगाड्यात वस्ती पांढरीत आणि शेती काळीत, अशी जमिनीची वाटणीच ठरलेली होती. गावठाण उंच, निचऱ्याच्या जागी असे. काळ्या रानात फार तर राखणीचा माळा किंवा पावसाळ्यापुरते खोपट. म्हणजे जुन्या बांधकामाचा जो यशस्वी अनुभव आपण सांगतो तो बहुतेक पांढरीतला आहे. विहिरी झाल्या, वीज आली, कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे अशी धरणे आणि त्यांचे कालवे झाले, आणि माणसे मळ्यात राहायला गेली. शेडही त्यांच्याबरोबर काळीत गेली, अनुभव मात्र मागे गावठाणातच राहिला. शिवाय कालव्याच्या आणि ठिबकच्या पाण्याने मातीच्या ओलीचे जुने वेळापत्रकही बदलले. पूर्वी मार्गशीर्षापासून वाळत जाणारी जमीन आता शेजारच्या उसामुळे वैशाखातही एका बाजूने ओली असते. दुसरे म्हणजे तो गोठा लवचिक होता. लाकडी मेढी, सुंभाने बांधलेले वासे, वर पाचट नाहीतर कौले. एक मेढ दोन इंच खचली तर छप्पर थोडे कलायचे, पुढच्या शाकारणीला पाचर मारून ते सरळ व्हायचे. वेल्डिंग केलेल्या सांगाड्याला आणि त्याला टेकून बांधलेल्या अर्ध्या विटेच्या भिंतीला एवढी सवलत नसते. भिंत तडकते, पत्र्याच्या बोल्टांची भोके ओढली जाऊन लांबट होतात आणि तिथूनच गळती सुरू होते.

कौलांचा आणखी एक गुण होता, त्यांचे वजन. यातून वाऱ्याचा प्रश्न निघतो. भारतीय मानक ब्युरोच्या वाऱ्याच्या संहितेत पुण्यासाठी मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. एवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या आसपास येतो. छपरावरून जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो आणि उघड्या बाजूने आत शिरलेला खालून ढकलतो. आपल्या वीस बाय तीसच्या शेडवर हा उचलणारा जोर पाच टनांच्या घरात जातो. पत्रे आणि लोखंडी सांगाडा मिळून वजन जेमतेम दीड टन. म्हणजे वाऱ्याच्या त्या एका झोताला शेड जमिनीवर बसलेली इमारत राहत नाही, ते खाली बांधून ठेवायचे ओझे होते. आठ खांब असतील तर प्रत्येकाला साडेचारशे-पाचशे किलोने खाली धरायला हवे, आणि हिशेबात सुरक्षिततेची वाजवी भर घातली तर आठशे किलोने. नेहमीचा खड्डा फूट बाय फूट आणि दीड फूट खोल असतो. त्यातल्या काँक्रीटचे वजन शंभर किलो. तोच खड्डा दोन फूट बाय दोन फूट आणि तीन फूट खोल घेतला तर वजन आठशे किलोच्या वर जाते. पत्रा एक गेज जाड घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी शहाणपणाचा.

‘काँक्रीटला चारी बाजूंनी माती घट्ट धरून ठेवते, ती मोजा की’ असे यावर म्हणता येईल. मुरमात मोजावी. काळीत मोजू नये, कारण इथे वेळेचा घात आहे. सगळ्यांत जोराचे वारे वळवाचे, चैत्र-वैशाखापासून मृगापर्यंतचे. त्याच काळात काळी माती सर्वांत जास्त आकसलेली असते आणि काँक्रीटच्या ठोकळ्यापासून बाजूला सरून भोवती रिकामी फट पडलेली असते. धरून ठेवणारा हात नेमका तेव्हाच सुटलेला असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातून पुढे गेले तेव्हा जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात घरांचे आणि पोल्ट्रीचे पत्रे उडाले, पॉलिहाउसे झोपली. अशी वादळे रोज येत नाहीत हे खरे. पण शेडचा पत्रा वीस वर्षे टिकावा अशी अपेक्षा असते, आणि वीस वर्षांत एखादी तरी अशी संध्याकाळ येतेच. वाऱ्याला गांभीर्याने घेतलेले बांधकाम पाहायचे तर नारायणगावहून खोडदला जावे. तिथल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भरीव पत्र्याच्या न करता ताणलेल्या तारांवर बसवलेल्या पोलादी जाळीच्या केल्या. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि पायावरचा ताणही घटला. शेडला जाळीचे छप्पर चालणार नाही, पण वाऱ्याचा हिशेब आधी आणि लोखंडाचा नंतर, हा क्रम तिथून उचलण्यासारखा आहे.

तिसरा मुद्दा पाण्याचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बाकीचे दोन्ही त्याच्यावर अवलंबून आहेत. ५६ चौरस मीटरच्या छपरावर पन्नास मिलिमीटरचा एक पाऊस पडला तर २८०० लिटर पाणी गोळा होते. उघड्या रानावर हेच पाणी सगळीकडे पसरून पडले असते. छप्पर ते गोळा करते आणि पागोळ्यांच्या दोन रेषांवर, बरोबर पायाच्या कडेला, ओतते. पहिल्या पावसाळ्यातच तिथे बोटभर खोल चर पडलेली दिसते, दुसऱ्या वर्षी त्या चरीत पाणी साचून राहते आणि खाली मुरते. म्हणजे आपणच पायाच्या कडांना शेताच्या कितीतरी पट पाणी पाजत असतो आणि मग माती फुगली म्हणून तिला दोष देतो. पन्हळ लावून पाणी पाइपाने दूर काढले, शेततळ्यात, विहिरीच्या पुनर्भरणाला किंवा नुसते उताराच्या बाजूला दहा-पंधरा फूट लांब सोडले, आणि भिंतीभोवती तीन फुटांची बाहेर उतरती फरशी केली, तर मातीचे निम्मे दुखणे औषधाशिवाय कमी होते. पन्हळीचा खर्च एकूण खर्चात नगण्य, तरी कोटेशनमधून सर्वांत आधी तीच कापली जाते.

जागा निवडतानाही पाण्याचाच विचार आधी. उतारावर शेड बांधताना वरचा भाग कापून खालच्या भागात टाकायचा आणि सपाटी करायची, ही जेसीबीची सोपी रीत. अशा सपाटीचा अर्धा भाग मूळ जमिनीवर आणि अर्धा ताज्या भरावावर असतो. दोन्ही वेगवेगळे खचतात आणि भेग बरोबर त्यांच्या सांध्यावर पडते. आंबेगाव तालुक्याला याची आठवण करून द्यायला नको. ३० जुलै २०१४ च्या दरडीनंतर माळीणचे पुनर्वसन आमडे इथे झाले, आणि २०१७ मध्ये लोक नव्या घरांत गेल्यावर पहिल्याच पावसात तिथले भराव खचल्याच्या बातम्या आल्या. उतारावरचा भराव थरावारी दाबलेला नसेल आणि वरून येणारे पाणी वळवलेले नसेल तर घर असो की शेड, खालून घसरण सुरू होते. शेडसाठी म्हणूनच सगळी सपाटी कापातूनच मिळवावी, जरा जास्त खोदावे लागले तरी, आणि वरच्या अंगाला पाणी वळवणारी चर आधी काढावी.

मग करायचे काय? पहिले काम म्हणजे माती ओळखणे. खताच्या मात्रेसाठी आपण माती परीक्षण करून घेतो, पण त्या अहवालातून पायासाठी लागणारी माहिती मिळत नाही. फुगण्याची चाचणी वेगळी आणि अगदी साधी आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती मापाच्या दोन काचनळ्यांत घ्यायची, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेल पापुद्र्यांच्या मध्ये शिरत नाही म्हणून तिथली माती फुगत नाही. चोवीस तासांनी पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीपेक्षा किती जागा व्यापते ते पाहायचे. निम्म्याने किंवा त्याहून जास्त भरली तर ती माती पायाखाली ठेवण्याच्या लायकीची नाही. स्थापत्य अभियांत्रिकीच्या कोणत्याही प्रयोगशाळेत हे होते.

काळी दोन-तीन फुटांचीच असेल तर ती पूर्ण काढून खांबांचे पाय मुरमावर टेकवावेत. यापेक्षा चांगला उपाय नाही. जास्त खोल असेल तर निदान जोत्याखालची तीन फूट माती काढून मुरूम भरावा. एकदम ट्रॉली ओतून वर ट्रॅक्टर फिरवणे याला भराव म्हणत नाहीत. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर बेताचे पाणी, मग रोलर किंवा धुमस, आणि मगच पुढचा थर. मुरूम चाळीव, कचकचीत, पण थोडी बांधून धरणारी माती असलेला हवा. वाळू किंवा क्रशसँड भरावी असा सल्ला पुष्कळदा मिळतो, पाण्याचा निचरा होतो म्हणून. काळीत तो उलटतो. वाळू पाणी खाली सोडते, खालची काळी ते पुढे जाऊ देत नाही, आणि खड्ड्याचा हौद होऊन ओल कायमची पायाखाली बसते. आयआयटी मुंबईतले प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा पुरेशा जाडीचा थर दाबून बसवला तर खालची सूज वर पोहोचण्याआधीच बरीचशी जिरते. कालव्यांच्या अस्तराखाली हे तंत्र वापरले गेले आणि पुढे मानकांतही आले. आपला चांगला मुरूम या कामाला बराच जवळ येतो. मात्र मुरूम गौण खनिजात मोडतो, त्याची रॉयल्टी आणि परवानगी तहसिलातून घ्यावी लागते. रात्रीच्या ट्रॉलीतून आलेल्या मुरमात काळी किती मिसळली आहे हे सकाळीच कळते.

काळी खूपच खोल असेल आणि शेड मोठे, भिंतींचे असेल, तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले तळाशी फुगवट्याचे पाइल हा खात्रीचा मार्ग. ऋतूप्रमाणे ओल बदलण्याचा पट्टा ओलांडून जावे म्हणून अशा मातीत त्यांची खोली किमान साडेतीन मीटर ठेवायला संहिता सांगते, आणि तळाचा फुगवटा वर ओढणाऱ्या जोरालाही धरून ठेवतो. म्हणजे सूज आणि वारा या दोन्हींना एकच उत्तर. या पद्धतीत पाइलांवरची तुळई जमिनीला टेकवायची नसते, तीन इंचांची पोकळी ठेवायची असते, फुगणाऱ्या मातीला जागा मिळावी म्हणून. हीच पोकळी गवंडी नेमाने बुजवतो. त्याला ते अर्धवट राहिलेले काम वाटते, आणि उरलेला माल टाकायला जागाही हवी असते. तेवढ्यावर सगळा खर्च पाण्यात जातो.

कांदाचाळ हे या सगळ्यात वेगळे प्रकरण आहे, आणि ओतूर, आळेफाटा, मंचर या बाजारांच्या परिसरात तर तीच महत्त्वाची. बाकी शेड वर्षभर हलके. चाळ काही महिने जड आणि काही महिने रिकामी. २५ टनांच्या चाळीला चोवीस पाय धरले तर भरल्यावर प्रत्येक पायावर टनभर कांदा येतो. पायाखाली फूटभर बाजूचा दगड ठेवला असेल तर तिथला दाब चौरस मीटरला अकरा टनांच्या आसपास, आणि भिजून मऊ झालेल्या काळ्या मातीवर याच्या निम्मा दाबही धाडसाचा. रब्बीचा कांदा चैत्र-वैशाखात भरतात, माती दगडासारखी कडक असताना. सगळे छान उभे राहते. मग पाऊस येतो, माती मऊ पडते आणि भार मात्र पूर्ण असतो. त्यात बाजारभाव पाहून कांदा एका टोकाकडून काढत जातात. भर पावसाळ्यात निम्मे पाय टनभर ओझ्याखाली रुततात आणि निम्मे, रिकामे झालेले, मातीबरोबर वर उचलले जातात. आषाढात सरळ असलेली चाळ दिवाळीला वाकडी का दिसते, याचे कारण असे आहे. पायाखालचा ठोकळा दोन फूट बाय दोन फूट केला की हाच दाब चौथाईवर येतो. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवतात तो खालून हवा खेळावी म्हणून. शेजारच्या राजगुरुनगरला असलेल्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा भरही तळातून आणि बाजूंनी हवा खेळणाऱ्या चाळीवर आहे. पण खालची जमीनच ओली राहिली तर त्या तळातून हवेबरोबर दमटपणा वर जातो आणि कांदा खालच्या थरापासून सडू लागतो, कोंब धरतो. चाळीखालची जमीन भोवतालपेक्षा उंच, मुरमाची आणि मधून बाहेर उतरती असणे हा साठवणुकीचाच भाग आहे.

राहिला खर्चाचा आक्षेप. प्रत्येक खोपटाला एवढा खटाटोप करायचा का? मुळीच नाही. पाया मोठा असावा असा माझा आग्रह नाही. जमीन पाहून ठरवावा, एवढेच म्हणणे आहे. माळावर, मुरमावर, आठ बाय आठच्या मोटारीच्या किंवा औषधांच्या खोलीला वरचा सैल थर काढून सहा इंच खडी-मुरूम दाबला, त्यावर चार कोपऱ्यांना आणि मध्ये फरशीचे जाड ठोकळे पाणसळीत बसवले, त्यांवर लोखंडी चौकट ठेवली आणि ती चार बाजूंना जमिनीत घट्ट बांधली की काम झाले. काळीतही एवढ्या लहान खोलीला हीच रीत चालते, फक्त तिथे खोली हलणार हे आधीच कबूल करायचे: विटेची भिंत घालायची नाही, चौकटीखाली पट्ट्या सरकवून दर वर्षी ती पुन्हा पाणसळीत आणायची सोय ठेवायची. परदेशी पुस्तकांतून बागेतल्या शेडसाठी खडीचा थर किंवा चार इंचांचा कोबा सांगितलेला असतो, तो बहुधा अशाच लहान, लाकडी, बोल्टने जोडलेल्या खोल्यांसाठी असतो. तीच कृती तीस फुटी वेल्डेड शेडला आणि आपल्या काळीला लावली की फसते.

आणि एक गोष्ट पैशांनी विकत घ्यायची नसते, ती म्हणजे हंगाम. आपल्याकडे शेडची घाई वैशाखात असते. कांदा काढून पडलेला असतो, पाऊस डोक्यावर असतो, फॅब्रिकेटर चार ठिकाणी कबूल झालेला असतो. त्या वेळी माती सर्वांत कोरडी, भेगाळलेली असते आणि तिच्यावर ओतलेला पाया महिन्याभरातच पहिल्या सुजेला सामोरा जातो. तेच काम दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत केले तर माती ना फुगलेली ना आकसलेली, मधल्या ओलीवर असते; मुरूम दाबायलाही तेव्हाच सोपा जातो, काँक्रीटला पाणी मारणेही जमते. खोदाई, भराव आणि खांबांचे ठोकळे एवढे थंडीत उरकून, बोल्ट वर काढून, त्यांच्या आट्यांना ग्रीस लावून गोणपाटाने बांधून ठेवावे. लोखंड आणि पत्रा वैशाखात चढवला तरी चालतो. मधल्या दोन-तीन महिन्यांत भरावाला जेवढे बसायचे तेवढे बसून घेता येते, आणि एखादा ठोकळा खचलाच तर वर काही उभे नसल्याने तो दुरुस्त करायला एक बिगारी आणि अर्धा दिवस पुरतो.